सापडलेले वचन आणि वाचलेले शास्त्र

ख्रिस्ती माणूस बायबल वाचतो ते केवळ माहितीसाठी नव्हे. या ग्रंथातून परमेश्वर आजही बोलतो, आपण कशासाठी जगावे आणि पुढचे पाऊल कोठे टाकावे हे त्या बोलण्यातून उमगते, अशी त्याची श्रद्धा असते. मराठी ख्रिस्ती घरांत ‘मला वचन मिळाले’ असे अगदी सहज म्हटले जाते. अडचणीच्या वेळी वाचनात किंवा उपदेशात आलेली ओळ नेमकी आपल्यासाठीच होती, असा त्या बोलण्याचा अर्थ. अनेक मंडळ्यांत वर्षअखेरीच्या रात्री उपासनेनंतर वचनांची छोटी कार्डे ठेवलेली असतात. प्रत्येकजण त्यातले एक उचलतो आणि वर्षभर जपून ठेवतो.

पण हा ग्रंथ प्रश्न टाकताच उत्तर हाती यावे अशा बेताने रचलेलाच नाही. प्रॉटेस्टंट परंपरेत ६६ आणि रोमन कॅथलिक परंपरेत ७३ पुस्तके असलेले ते एक ग्रंथालय आहे. हिब्रू, अरामी आणि ग्रीक या भाषांत, अनेक शतकांच्या काळात, वेगवेगळ्या हातांनी ते लिहिले गेले. त्यात वंशावळी आहेत, शेतीचे आणि शुद्धाशुद्धतेचे कायदे आहेत, लढायांची वर्णने आहेत, प्रेमगीते आणि शोकगीते आहेत, शिवाय कुठल्या तरी मंडळीतले भांडण मिटवण्यासाठी लिहिलेली पत्रे आहेत. नोकरी सोडावी का, मुलीचे लग्न कोठे ठरवावे, आजारी वडिलांना गावी ठेवावे की शहरात आणावे, यांचे थेट उत्तर त्यात कुठेच नाही. तरीही दोन हजार वर्षे माणसे त्यात दिशा शोधत आली आणि कित्येकांना ती सापडली. ती कशी सापडते याचा विचार ख्रिस्ती परंपरेने फार जुन्या काळापासून केला आहे. त्या विचाराचा कल साधारण असा दिसतो: एकाएकी भेटलेले वचन खरे असू शकते, पण त्यामागे बहुतेक वेळा दीर्घ, क्रमवार आणि चारचौघांच्या सोबतीने केलेले वाचन असते.

एकाएकी भेटलेल्या वचनाच्या सर्वांत प्रसिद्ध कथा नीट वाचल्या तर हेच आढळते. इसवी सन २७०च्या सुमारास इजिप्तमधला अँथनी नावाचा तरुण चर्चमध्ये शिरला तेव्हा मत्तयकृत शुभवर्तमानातला श्रीमंत तरुणाचा प्रसंग वाचला जात होता. आपले आहे ते विकून गोरगरिबांना दे, हे येशूचे सांगणे त्याने आपल्यालाच उद्देशून आहे असे मानले, वडिलोपार्जित जमीन वाटून टाकली आणि पुढे तो वाळवंटातल्या संन्यासी जीवनाचा आदिपुरुष ठरला. अथनेशियसने लिहिलेल्या त्याच्या चरित्रात एक तपशील आहे, तो सहसा सांगितला जात नाही. आईवडील नुकतेच वारलेले, धाकटी बहीण पदरात, आणि प्रेषितांनी सर्वस्व सोडून येशूमागे जाणे कसे पत्करले असेल, याच विचारात तो त्या दिवशी चर्चची वाट चालत होता. म्हणजे प्रश्न मनात आधीच घोळत होता.

ऑगस्टीनची गोष्टही अशीच. सन ३८६मध्ये मिलान शहरातल्या एका बागेत, मनाची ओढाताण असह्य झालेली असताना, ‘उचल आणि वाच’ अशा अर्थाचे शब्द एका लहान मुलाच्या आवाजात त्याच्या कानी आले. त्याने जवळचा ग्रंथ उघडला आणि रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातल्या ओळींनी त्याचे आयुष्य पालटले. परंतु तो ग्रंथ तेथे होता, कारण तो पौलाची पत्रे आधीपासून वाचतच होता. तरुणपणी बायबलची साधी भाषा त्याला गावंढळ वाटली होती, मग मिलानचा बिशप अँब्रोज याच्या प्रवचनांनी तोच मजकूर त्याला पुन्हा उघडून दाखवला. त्याच दिवशी एका परिचिताने अँथनीची हकीकतही त्याला सांगितली होती. बागेतल्या त्या क्षणामागे अशी बरीच वर्षे उभी होती. पुढे बिशप झाल्यावर याच ऑगस्टीनने, संसारातल्या गोष्टींचा कौल लावण्यासाठी शुभवर्तमानाची पाने उघडणे आपल्याला आवडत नाही, असे एका पत्रात स्पष्ट लिहिले. भुताखेतांना विचारण्यापेक्षा ते बरे, एवढीच सवलत त्याने दिली. ग्रंथ उघडून भविष्य पाहण्याची ही चाल इतकी पसरली की इ.स. ५०६मध्ये, आजच्या फ्रान्समधल्या आग्द येथे भरलेल्या धर्मसभेला तिच्यावर बंदी घालावी लागली.

कौल लावण्याला पर्याय म्हणून मठांनी जी पद्धत घडवली तिला ‘पवित्र वाचन’ म्हणता येईल. सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी केलेल्या नियमावलीत अंगमेहनतीइतकेच महत्त्व वाचनाला दिले आणि रोजच्या वेळापत्रकात त्यासाठी काही तास राखून ठेवले. उपवासकाळात प्रत्येकाला एक ग्रंथ मिळे आणि तो पहिल्या पानापासून, काहीही न गाळता, पुरा करावा लागे. वाचनाच्या वेळी कोणी डुलक्या काढतो का, गप्पा मारतो का हे पाहायला एकदोन ज्येष्ठ बंधू मठात फेरी मारत. साधूंनाही वाचनाचा कंटाळा येतो हे बेनेडिक्टला चांगले ठाऊक होते.

बाराव्या शतकात ग्वीगो दुसरा या कार्थुसी मठाधिपतीने या वाचनाची चार पायऱ्यांची शिडी मांडली: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. त्याचा दाखला जेवणाचा आहे. वाचन घास तोंडात घालते, मनन तो चावते, प्रार्थनेने चव लागते आणि ध्यान म्हणजे ती गोडीच. आजही कॅथलिक साधनागृहांत आणि आता अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही हाच क्रम शिकवला जातो.

प्रत्यक्षात हे कसे घडते ते एका उताऱ्यावरून पाहता येईल. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायाच्या शेवटी यरीहो गावाबाहेर बसलेल्या बार्तीमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्याची गोष्ट आहे. येशू जात आहे असे कळताच तो ओरडू लागतो, लोक त्याला गप्प करतात, तो अधिकच ओरडतो. येशू त्याला बोलावतो, तेव्हा तो अंगावरचे वस्त्र टाकून उठतो. मी तुझ्यासाठी काय करावे, असे येशू विचारतो. त्याला दृष्टी मिळते आणि तो वाटेने येशूमागे चालू लागतो. एवढाच मजकूर, सात वचनांचा.

पहिल्या पायरीवर तो सावकाश, शक्यतो मोठ्याने, दोनतीन वेळा वाचायचा आणि काय लिहिले आहे तेवढेच पाहायचे. कोण बोलले, कोण गप्प बसले, कोणाच्या हातात काय होते. घाई न करणाऱ्या वाचकाला मग वस्त्र दिसते. रस्त्यावरच्या भिकाऱ्याचे अंथरूण-पांघरूण बहुधा तेच, आणि दृष्टी मिळण्याच्या आधीच तो ते टाकून देतो. मननाची पायरी येते तेव्हा प्रश्न सुचू लागतात. आंधळ्या माणसाला काय हवे हे उघड असताना येशूने ते का विचारावे? आणि ज्याने सबंध अध्याय वाचला आहे त्याला आणखी एक गोष्ट आढळते. याच अध्यायात, जरा आधी, याकोब आणि योहान या दोन शिष्यांनाही येशूने जवळजवळ याच शब्दांत हाच प्रश्न विचारला आहे. त्यांनी मागितले होते वैभवातले उजवे-डावे आसन. डोळस शिष्यांना मान हवा होता आणि आंधळ्याला दिसायला हवे होते. मार्कने हे दोन प्रसंग उगाच शेजारी ठेवलेले नाहीत. सुटी सात वचने वाचणाऱ्याच्या हाती हे लागत नाही.

तिसऱ्या पायरीवर तो प्रश्न वाचकाकडे वळतो. मला नेमके काय हवे आहे? बढती मागताना मी दृष्टी मागत आहे की आसन? याचे उत्तर मार्कच्या मजकुरात नाही, ते वाचकाने परमेश्वरासमोर प्रामाणिकपणे द्यायचे. चौथ्या पायरीवर शब्द थांबतात आणि माणूस नुसता बसून राहतो. नोकरी सोडावी की नाही हे त्या बैठकीत कळेलच असे नाही. मात्र प्रश्न ज्या मनातून उठला होता ते मन थोडे बदललेले असते, आणि जीवनाच्या हेतूविषयी बायबलमधून जे मार्गदर्शन मिळते ते पुष्कळदा याच स्वरूपाचे असते.

निर्णयाचा प्रश्न अधिक थेटपणे हाताळला तो इग्नेशियस लोयोलाने. १५२१मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडलेला हा बास्क सरदार घरी पडून होता. वाचायला त्याला शूर वीरांच्या कादंबऱ्या हव्या होत्या, पण मिळाले ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. पडल्यापडल्या त्याच्या ध्यानात आले की दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मजा येते पण मागाहून मन कोरडे पडते, आणि संतांसारखे जगण्याच्या विचारानंतर मात्र समाधान टिकून राहते. ही साधी नोंद पुढे एका शास्त्राला जन्म देणार होती. मध्यंतरी एक गमतीदार प्रसंगही घडला. धर्मविषयक वादात ज्याच्या बोलण्याचा राग आला त्या एका मुसलमान वाटसरूच्या मागे जाऊन त्याला मारावे की सोडून द्यावे, हे ठरेना म्हणून इग्नेशियसने आपल्या खेचराचा लगाम सैल सोडला. खेचराने दुसरी वाट धरली आणि वाटसरू वाचला. हा प्रसंग उतारवयात त्याने स्वतःच सांगितला. निर्णय खेचरावर सोपवणारा हा माणूस पुढे निर्णय कसे घ्यावेत याचा सर्वांत काटेकोर ख्रिस्ती शिक्षक झाला.

त्याचे ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक १५४८मध्ये छापले गेले. सुमारे ३० दिवसांच्या एकांतात, चार टप्प्यांनी, येशूच्या जीवनातील प्रसंगांवर चिंतन करण्याची ती मार्गदर्शिका आहे. साधकाने प्रसंगात स्वतः उभे राहायचे, तेथील धूळ, आवाज, वास, माणसांचे चेहरे कल्पनेने अनुभवायचे आणि नंतर मनात सांत्वन उरले की उदासी, हे तपासायचे. त्यातला एक नियम तर धर्म न मानणाऱ्यालाही उपयोगी पडावा: मन उदास असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये.

याच सुमारास जर्मनीत मार्टिन ल्यूथरने नवा करार १५२२मध्ये आणि संपूर्ण बायबल १५३४मध्ये लोकभाषेत आणले. छापखान्यामुळे तो ग्रंथ घरात शिरला. शास्त्र कसे अभ्यासावे याविषयी १५३९मध्ये लिहिताना त्याने तीनच गोष्टी सांगितल्या: प्रार्थना, मनन आणि कसोटी. ग्वीगोच्या शिडीच्या वरच्या टोकाला शांती होती, तर ल्यूथरच्या मते वचनाचा अर्थ शेवटी संकटात सापडल्यावरच कळतो. साधूंच्या मठापेक्षा हे कुटुंबवत्सल, कर्जात आणि आजारपणात जगणाऱ्या माणसांच्या अधिक जवळचे होते. १६७५मध्ये फिलिप स्पेनर या जर्मन पाळकाने सामान्य श्रद्धावंतांनी लहान गटांत एकत्र बसून शास्त्र वाचावे अशी सूचना केली. आज घरोघरी चालणाऱ्या बायबल अभ्यासाच्या बैठकींची एक मुळी तेथे पोचते.

जर्मनीतल्या हेर्नहूट येथील मोरेव्हियन बंधुमंडळीने १७३१पासून रोजच्या वचनांची पुस्तिका छापायला सुरुवात केली, ती आजतागायत निघते. जुन्या करारातले वचन चिठ्ठ्या टाकून निघते आणि त्याला जुळणारे नव्या करारातले वचन कोणीतरी विचारपूर्वक निवडतो. ही पुस्तिका वापरणाऱ्यांत डीट्रिख बोनहोफर हा जर्मन पाळक होता. हिटलरविरोधी मंडळीसाठी चालवलेल्या फिंकेनवाल्डे येथील पाठशाळेत तो विद्यार्थ्यांना एकाच उताऱ्यावर आठवडाभर, रोज अर्धा तास, मनन करायला लावत असे. जून १९३९मध्ये तो अमेरिकेत सुरक्षित पोचला होता, काम मिळत होते, तरी मन स्वस्थ नव्हते. परत जायचे असे त्याने २० जूनला यजमानांना सांगितले. २६ जूनला, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, हिवाळ्यापूर्वी ये अशी पौलाची विनवणी त्याच्या वाचनात आली आणि ती आपल्यालाच आहे असे त्याला वाटले. या तारखांचा क्रम लक्षात घ्यावा. वचन निर्णयानंतर आले. त्याने निर्णय करून दिला नाही, घेतलेल्या निर्णयाला बळ दिले. जुलैमध्ये तो जर्मनीला परतला, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी देण्यात आले.

मराठीत मात्र ख्रिस्ती शास्त्रकथा प्रथम आली ती ऐकण्यासाठी. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ बायबलचे भाषांतर नसून जुन्या-नव्या करारातील कथांचे पुराणाच्या घाटातले कथन आहे. पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती लोकांसमोर ते वाचले जाई. बायबलचा मराठी मजकूर छापून हाती आला तो दोन शतकांनी, सेरामपूरला विल्यम केरी यांच्या छापखान्यातून. नवा करार १८११मध्ये निघाला.

एकट्याने वाचून आयुष्य पालटल्याचा मराठीतला ठळक दाखला कवी नारायण वामन टिळकांचा. १८९३च्या सुमारास राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांच्या काव्यावर आणि धर्मावर गप्पा झाल्या आणि उतरताना त्याने नव्या कराराची प्रत दिली. टिळक वाचू लागले ते हाती पेन्सिल घेऊन, खुणा करत, पहिल्या पानापासून. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते सोडवेना. तरीही बाप्तिस्मा त्यांनी घेतला फेब्रुवारी १८९५मध्ये, मुंबईत. मधला काळ शंकांचा, पत्रव्यवहाराचा आणि घरच्यांच्या दुःखाचा होता. त्या दुःखाची बाजू त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. मार्गदर्शन एकाला मिळते तेव्हा त्याची किंमत घरातल्या इतरांनाही मोजावी लागते, हे त्या पुस्तकाइतके रोखठोक मराठीत क्वचितच कोणी लिहिले असेल.

पंडिता रमाबाईंची वाट आणखी लांब. आसामात सिल्चर येथे घरातल्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. पुढे इंग्लंडमध्ये, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती संन्यासिनी भगिनी चालवीत असलेले काम पाहून, हे तुम्ही का करता असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. १८८३मध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण संस्कृत शास्त्रांत वाढलेल्या या विदुषीने स्वतःची बुद्धी गहाण ठेवली नाही. चर्चचे जे सिद्धान्त आपल्याला शास्त्रात आढळत नाहीत ते मानण्याचे बंधन आपल्यावर नाही, असा वाद त्यांनी आपल्या मार्गदर्शक भगिनीशी पत्रांतून घातला. मूळ मजकूर पाहता यावा म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या आपल्या मुक्ती मिशन या आश्रमात, कमी शिकलेल्या बायकांनाही समजेल अशा साध्या मराठीत, त्यांनी सबंध बायबलचे भाषांतर केले. छपाईचे काम आश्रमातल्याच स्त्रियांनी केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि ग्रंथ १९२४मध्ये प्रसिद्ध झाला. बायबलमधून आयुष्याचा हेतू सापडणे म्हणजे काय, याचे मराठीतले हे सर्वांत मेहनतीचे उदाहरण म्हणायला हवे.

शास्त्र वाचून माणूस चुकतही आला आहे, आणि चुकीला धर्माचा आधार मिळाला की ती फार भयंकर होते. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान स्वतःच स्तोत्रातले वचन येशूला ऐकवतो. गुलामगिरीच्या समर्थकांनी दासांनी धन्याची आज्ञा पाळावी ही इफिसकरांस पत्रातली ओळ शतकानुशतके वापरली. १८०७मध्ये लंडनला वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी निवडक बायबल छापले गेले. त्यात जुन्या कराराचा बहुतांश भाग आणि नव्या कराराचा जवळजवळ अर्धा भाग नव्हता. इस्राएल लोक इजिप्तच्या दास्यातून सुटले ती निर्गम या पुस्तकातली कथाही वगळलेली होती. मालकांना संपूर्ण ग्रंथाची भीती का वाटली हे वेगळे सांगायला नको. अमेरिकेतील गुलामांनी पुढे नेमकी तीच कथा आपल्या गीतांचा कणा केली.

म्हणून मिळालेले मार्गदर्शन खरे की मनाचा खेळ, हे पारखण्याचे काही नियम परंपरेने घालून दिले. सुटे वचन त्याच्या अध्यायात, अध्याय त्याच्या पुस्तकात आणि पुस्तक सबंध शास्त्रात ठेवून पाहावे. ऑगस्टीनची कसोटी याहून सोपी होती: ज्या अर्थाने देवावरचे आणि शेजाऱ्यावरचे प्रेम वाढत नाही तो अर्थ कळलेलाच नाही. आपला समज दुसऱ्यांपुढे ठेवावा, हाही जुनाच नियम. प्रेषितांच्या कृत्यांत रथात बसून यशया वाचणारा कूशी अधिकारी, कोणी समजावल्याशिवाय कसे कळणार, असे फिलिप्पाला मोकळेपणाने विचारतो. त्याच पुस्तकात बिरुयाचे लोक मात्र पौलासारख्याचे बोलणेही रोज शास्त्राशी ताडून पाहतात. सामान्य कॅथलिक श्रद्धावंतांनी शास्त्र वारंवार वाचावे असे आवाहन दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५मध्ये केले. त्यानंतर लॅटिन अमेरिकेतील गरीब वस्त्यांत शेतकरी-मजूर एकत्र बसून शुभवर्तमान वाचू लागले, आणि पगार, जमीन, पाणी हे विषय त्या वाचनात आपोआप आले.

नव्याने वाचणाऱ्याला बहुतेक पाळक आणि धर्मगुरू उत्पत्तीपासून सरळ सुरुवात करायला सांगत नाहीत, कारण तिसऱ्या पुस्तकातल्या यज्ञविधींत पुष्कळजण अडकतात. १६ अध्यायांचे मार्ककृत शुभवर्तमान आधी, मग लूक आणि प्रेषितांची कृत्ये, आणि सोबत रोज एक स्तोत्र, हा क्रम बऱ्याच ठिकाणी सुचवला जातो. रोजच्या वाचनात कोरडे दिवस येतातच. अँग्लिकन मंडळीच्या प्रार्थनापुस्तकात त्यावर एक जुनी सोय आहे. १५० स्तोत्रे सकाळ-संध्याकाळ मिळून ३० दिवसांत पुरी होतील अशी वाटून दिलेली आहेत, त्यामुळे कोणते स्तोत्र म्हणायचे हे वाचकाच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर ठरत नाही. दर महिन्याच्या १७ तारखेला सकाळी ८८वे स्तोत्र येते. तक्रारीने सुरू होऊन अंधारातच संपणारे, कसलाही दिलासा न देणारे ते स्तोत्र त्या दिवशी आनंदात असलेल्यालाही म्हणावे लागते.